आखूड रॉड, जिग आणि पॉपर: खरेदी ल्यूरपासून सुरू करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देवगडला मामांची फायबरची होडी आहे, आउटबोर्ड इंजिन आहे, सुट्टीत तिघं-चौघं मिळून गरवायला जाता. आजवर तंगूस हातात धरून गरवलंत, आता जिगिंग (धातूची जड जिग तळाकडे सोडून खेळवणं) आणि पॉपिंग (पाण्यावर आवाज करणारा पॉपर ओढणं) शिकायचं आहे. दुकानदार साडेपाच फुटी जिगिंग रॉड पुढे करतोय, व्हिडिओत मात्र सगळे आठ फुटी रॉडने पॉपर फेकताना दिसतात आणि खिशात पैसे एकाच रॉडचे आहेत. त्यात फेब्रुवारीत अंदमानला जायचं घाटतंय. एकच आखूड रॉड घेऊन दोन्ही कामं होतील का, आणि ल्यूर्स, म्हणजे खोटी आमिषं, कोणते घ्यावेत?

होडीवरून दोन्ही कामं होतील. पण त्यासाठी साडेपाच फुटी रॉड नको. 6 फूट 3 इंच ते 6 फूट 8 इंच या मापातला, पीई 2 ते 3 (पीई म्हणजे दोऱ्याच्या जाडीचा आकडा) असं रेटिंग असलेला स्पिनिंग रॉड घ्या. अंदमानच्या जीटीसाठी, म्हणजे जायंट ट्रेव्हॅली या दांडग्या माशासाठी, हा रॉड चालणार नाही, तिथे काय करायचं ते शेवटी सांगतो. आणि खडपावरून गरवणार असाल तर आखूड रॉडचा विचारच सोडा. लाट आणि दगड यांच्या वरून दोरा उचलून धरायला तिथे 9-10 फुटी रॉडच लागतो.

आता कारणं. बहुतेकजण आधी रॉड घेतात, मग त्यावर बसेल ते रीळ, मग उरलेल्या पैशांत मिळतील ते ल्यूर्स. माझ्या मते हा क्रम बरोबर उलटा हवा. तुम्ही कुठल्या पाण्यात उभे राहणार, तिथे काय हलवणार, ते हलवायला किती जाड दोरा लागेल, तो दोरा कुठल्या रिळावर मावेल, आणि हे सगळं पेलणारा रॉड कुठला. रॉडचा नंबर शेवटचा.

पाण्यापासून सुरुवात करू. आपल्या किनाऱ्यावर समुद्राचा तळ फार हळूहळू उतरत जातो. तुमची होडी ज्या पट्ट्यात फिरते तिथे पाणी बहुतेक दहा ते पंधरा वाव, म्हणजे 18 ते 27 मीटर. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे 105 किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे, तिचा माथासुद्धा साधारण 20 मीटरवर येतो. अर्थात तिथे फायबरच्या होडीने जायचं नसतंच. जपानचे किंवा अंदमानचे जिगिंगचे व्हिडिओ तुम्ही बघता ते 80, 100, 150 मीटर पाण्यातले असतात. त्यांची 200-300 ग्रॅमची जिग तिथे योग्य आहे, कारण तेवढ्या खोलीत हलकी जिग तळाला पोचेपर्यंत होडीच पुढे निघून जाते. तीच जिग आपल्याकडे 20 मीटरमध्ये सोडली तर दगडासारखी खाली आपटते, दोन झटक्यांत वर येते आणि मधे माशाला तिच्याकडे बघायलाही वेळ मिळत नाही.

जिगच्या वजनाचा ढोबळ हिशेब असा धरा: साधारण ओढीच्या पाण्यात दर मीटर खोलीला 2 ते 3 ग्रॅम. 20 मीटरला 40 ते 60 ग्रॅम. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जास्त असते तेव्हा 80, कधी 100. भांगाच्या, म्हणजे कमी ओढीच्या, दिवसांत 30-40 सुद्धा पुरते. पक्की कसोटी बोटाला कळते. जिग तळाला टेकली की दोरा एकदम ढिला पडतो. तो क्षण स्पष्ट जाणवला तर वजन बरोबर. दोरा 45 अंशांपेक्षा जास्त तिरका जात असेल आणि तळ लागल्याचं कळतच नसेल, तर 20 ग्रॅम वाढवा. जिथे तळ स्पष्ट कळतो तिथे सगळ्यात हलकी जिग वापरणारा माणूस जास्त मासे धरतो, हे मी वर्षानुवर्षं बघत आलोय.

वजनाइतकाच जिगचा आकारही महत्त्वाचा. लांब, अरुंद, सुरीसारखी जिग पाणी कापत सरळ खाली जाते आणि भराभर वर ओढल्यावर उठून दिसते. सुरमई, कोकर असे पळत्या भक्ष्यामागे लागणारे मासे तिच्यावर येतात. रुंद, आखूड, पानासारखी जिग दोरा ढिला सोडला की आडवी होते आणि डोलत डोलत खाली पडते. गोब्रा, तांबोशी हे दगडाच्या आडोशाला बसणारे मासे या पडणाऱ्या जिगवर झेपावतात. हा फरक डोळ्यांनी बघून घ्या. होडी थांबलेली असताना काठालगत वावभर पाण्यात जिग सोडा, अर्धा हात उचला आणि दोरा ढिला करा. काही जिग आडव्या होऊन पोट दाखवत लकाकतात, काही नाक खाली करून सुळ्ळकन जातात. ज्या जिगचं वजन मध्यावर असतं ती आडवी होते, ज्या जिगचं वजन शेपटीकडे असतं ती लवकर उतरते आणि दूरही फेकता येते. पाकिटावर काहीही छापलेलं असो, पाण्यातलं हे दर्शन खरं.

आपल्या उथळ पाण्यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. मोठ्या रिळाच्या एका फेऱ्यात सुमारे एक मीटर दोरा गोळा होतो. म्हणजे वीस-बावीस फेऱ्यांत जिग तळापासून थेट होडीपर्यंत येते. त्यामुळे सरळ उभं, जोरजोरात जिगिंग करत राहणं आपल्याकडे फारसं फळत नाही. दोन पद्धती जास्त उपयोगाच्या. पहिली, तळापासून आठ-दहा फेरे वर आणायचं, पुन्हा सोडायचं, आणि प्रत्येक उचल फेऱ्याच्या पाव किंवा अर्ध्या भागाची ठेवायची. जपानमध्ये नोरिहिरो सातो यांनी रुजवलेल्या स्लो पिच जिगिंगचा गाभा हाच आहे: जिग हाताने उपसायची नाही, रॉडने वाकून सरळ होताना ती उचलायची आणि पडताना तिला मोकळं सोडायचं. दुसरी पद्धत, होडी ज्या बाजूला वाहत चालली आहे त्या बाजूला जिग पुढे फेकायची, तळाला जाऊ द्यायची आणि होडी तिच्या डोक्यावर येईपर्यंत तिरकी ओढत आणायची. यात जिग एका जागी न राहता बराच पट्टा चाळते.

आणि इथेच साडेपाच फुटी रॉड मागे पडतो. तो बनवलेलाच असतो उभ्या दोऱ्यासाठी, खोल पाण्यासाठी, जड जिगसाठी. त्याची पाठ ताठ असते. 40-60 ग्रॅमची जिग त्याने फेकायला गेलात तर रॉड वाकतच नाही, सगळा जोर मनगटावर येतो आणि जिग जेमतेम होडीपासून थोड्या अंतरावर जाऊन पडते. साडेसहा फुटी, टोकाकडे मऊ आणि बुंध्याकडे ताकदवान असा रॉड तीच जिग आरामात फेकतो, आणि उभ्या दोऱ्यानेही खेळवतो.

मग आणखी लांब, आठ फुटी रॉड का नको? कारण मासा लागल्यावर रॉडची लांबी माशाच्या बाजूने काम करते. पहारीचं लांब टोक ज्याच्या हातात तो जिंकतो, आणि मासा लागलेला असताना लांब टोक माशाच्या हातात असतं. साधा हिशेब करून बघा. रॉड आडवा धरलाय, बुंधा पोटाला टेकवलाय, दोरा सरळ खाली गेलाय, ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा रीळ ज्या ताणाला दोरा सोडतं तो ताण) 8 किलोचा आहे. बुंध्यापासून तुमचा पुढचा हात 60 सेंटिमीटरवर आहे असं धरू. वाकलेल्या आखूड रॉडचं टोक बुंध्यापासून 1.2 मीटरवर असेल तर पुढच्या हाताला 16 किलोंचा भार पेलावा लागतो. लांब रॉडचं टोक 1.8 मीटरवर असेल तर तोच मासा, तोच ड्रॅग, पण हातावर भार 24 किलो. दहा मिनिटांच्या झुंजीत हे 8 किलो कंबरेला कळतात. वाकलेला रॉड आणखी उभा केला की भार कमी वाटतो, पण मग टोकाजवळचा बारीक भागच एकटा वाकतो आणि तिथेच तुकडा पडतो. म्हणून बुंधा आडव्यापासून 45 अंशांपेक्षा वर न्यायचा नाही, हा नियम कुठल्याही लांबीला लागू.

त्यातही छोट्या होडीत लांब रॉडची वेगळीच अडचण असते. मागे दोघं उभे, इंजिनाशी एकजण, कुठे छपराचा दांडा. आठ फुटी रॉड मागे नेऊन फेकताना तीन गळांचा पॉपर कुणाच्या तरी तोंडाजवळून जातो. साडेसहा-सात फुटी रॉडने बाजूने, खालून फेकता येतं. तरी फेकणाऱ्याने आधी मोठ्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी बसायचं, ही शिस्त मामांच्या होडीतही पाळा. डोळ्यांना चष्मा सगळ्यांना हवा, फक्त फेकणाऱ्याला नव्हे.

आता पॉपिंगचं बोलू, कारण आखूड रॉडचा खरा तोटा तिथेच आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पॉपर चालतो तो रॉडच्या एका लांब, आडव्या ओढीवर. रॉड जितका लांब, तितकी ओढ लांब, तितकं पाणी जास्त उडतं. आखूड रॉडने मोठ्या तोंडाचा, खोल वाटीचा पॉपर ओढायला गेलात तर अर्धी ओढ दोऱ्याचा ढिलेपणा काढण्यातच जाते, आणि तासाभरात खांदे भरून येतात. याला उपाय एकच: पॉपर रॉडच्या मापाचा निवडा. साडेसहा फुटी, पीई 3 च्या रॉडला 30 ते 45 ग्रॅमचा, उथळ वाटीचा पॉपर. रॉडचं टोक खाली, पाण्याच्या जवळ ठेवा, दोरा पाण्याला चिकटून राहू द्या, मग बाजूला ओढा. टोक वर ठेवलं की पॉपर पाण्यातून उडी मारतो आणि आवाज न करता नुसता घसरतो. बरोबर ओढ बसली की "भक्क" असा भरीव आवाज येतो आणि पाठीमागे बुडबुड्यांची रेघ राहते. ती रेघ महत्त्वाची. ओढीनंतर एक-दोन क्षण थांबायचं, मासा बहुतेक वेळा त्या थांबण्यात येतो.

तरीही तुमच्या रॉडला पॉपरपेक्षा स्टिकबेट जास्त शोभेल. स्टिकबेटला तोंडाची वाटी नसते, त्याला पाणी ढकलायचं नसतं. आखूड, मऊ टोकाचा रॉड त्याला छान नाचवतो. 12 ते 14 सेंटिमीटरचा, 30 ते 50 ग्रॅमचा, हळूहळू बुडणारा स्टिकबेट वाऱ्यातही सरळ जातो. वारा पडलेल्या सकाळी, मतलई संपून पाणी काचेसारखं झालेलं असतं तेव्हा तरंगणारा स्टिकबेट काढा. लाट उठली, पाणी खवळलं की पॉपर काढा, कारण तेव्हा आवाजाशिवाय माशाचं लक्ष जात नाही.

ल्यूरचं माप ठरवताना त्या दिवशी मासा काय खातोय ते बघा. तारल्यांचा थवा पाण्यावर खळबळत असेल तर हातभर पॉपर टाकून उपयोग नाही. 20-30 ग्रॅमची बोटाएवढी जिग थव्याच्या कडेला टाका आणि पृष्ठभागाखालून भरभर ओढा. बांगडा असेल तर मोठा स्टिकबेट चालतो. पक्षी कुठे घिरट्या घालताहेत ते बघा, पण होडी थव्याच्या मधोमध घालू नका, वाऱ्याच्या वरच्या अंगाला इंजिन बंद करून वाहत या. आणि रंग? रंगावर लोक नको इतका जीव टाकतात. एक चंदेरी-निळा, एक गुलाबी-चंदेरी आणि गढूळ पाण्यासाठी एक अंधारात चमकणारा, एवढं पुरे. उरलेले पैसे त्याच रंगांच्या वेगवेगळ्या वजनांत घाला, कारण पाण्याच्या ओढीला उत्तर वजन देतं.

म्हणजे तुमची पहिली पेटी अशी असावी: 30, 40, 60, 80 आणि 100 ग्रॅमच्या जिग, त्यातल्या 40 आणि 60 च्या दोन-दोन, एक लांब आणि एक पानाच्या आकाराची. दोन बुडणारे स्टिकबेट, एक तरंगणारा. एक पॉपर. खडकाळ तळावर जिग अडकून तुटणारच, त्यामुळे जिगवर फार महागडा रंग-चित्रकाम असलेला माल सुरुवातीला नको.

पैसे मात्र गळांवर आणि रिंगांवर वाचवू नका. स्वस्त ल्यूरसोबत येणारे गळ आणि स्प्लिट रिंग (किल्लीच्या कडीसारख्या उघडणाऱ्या रिंगा) काढूनच टाका. स्प्लिट रिंग चिमट्याने उघडून बघा, सहज फाकली तर कोकरही ती फाकवेल. जिगला वरच्या टोकाला असिस्ट हुक (आखूड दोराला बांधलेला गळ) लावा. जोडणी अशी: लीडर (मुख्य दोऱ्याच्या पुढे जोडायचा तुकडा) बांधायचा तो जोड नसलेल्या भरीव रिंगला, असिस्ट हुकचा दोरही त्याच भरीव रिंगमध्ये, आणि ती रिंग स्प्लिट रिंगने जिगला. म्हणजे माशाचा सगळा ताण गळापासून थेट लीडरवर जातो, जिग नुसती बाजूला लोंबते. तिच्या वजनाचा हिसका गळावर येत नाही, म्हणून मासा सुटण्याचं प्रमाण कमी. असिस्टचा दोर एवढाच लांब ठेवा की गळ जिगच्या वरच्या तिसऱ्या भागाच्या खाली उतरणार नाही. लांब ठेवलात तर तो लीडरमध्ये नाहीतर शेपटीत गुंततो. स्टिकबेट आणि पॉपरला तीन टोकांच्या गळाऐवजी एकेरी गळ लावा आणि त्याचा काटा चिमट्याने दाबून टाका. छोट्या होडीत हातात गळ घुसला तर किनारा गाठायला वेळ लागतो, आणि काटा दाबलेला गळ आला तसा निघतो.

सुरमईची गोष्ट वेगळी. ती शेपटीकडून येते आणि कात्रीसारखी कापून जाते. सुरमईच्या दिवसांत जिगच्या खालच्या टोकालाही एक गळ हवा. ल्यूरच्या पुढे वीतभर एकेरी पोलादी तार लावा, ती गडद रंगाची असू द्या. चकचकीत स्विव्हल (फिरती कडी) टाळा. सुरमई त्या चकाकीवरच झडप घालते आणि दोरा वरूनच कापते. तारेने जिगची चाल थोडी बिघडते, म्हणून गोब्रा-तांबोशीसाठी दगडावर जाताना ती काढून ठेवा.

दोऱ्याबद्दल. पीई हा आकडा दोऱ्याच्या जाडीचा आहे, ताकदीचा नव्हे. पीई 1 म्हणजे सुमारे 0.165 मिलिमीटर, पीई 2 म्हणजे 0.235, पीई 3 म्हणजे 0.285. त्याच जाडीचा एक दोरा 30 पौंडांचा असतो आणि दुसऱ्यावर 50 छापलेलं असतं. आपल्याकडे बाजारात नुसते पौंड बघून दोरा घेतात आणि मग तो रिळावर मावत नाही किंवा पाण्यात धनुष्यासारखा वाकतो. बारीक दोरा पाणी कमी अडवतो, म्हणून हलकी जिग सरळ खाली जाते. तुमच्यासाठी चांगल्या नावाचा, आठ पेडांचा पीई 2 किंवा 2.5 दोरा 300 मीटर घ्या. दर 10 मीटरला रंग बदलणारा मिळाला तर उत्तम, खोली नुसत्या डोळ्यांनी मोजता येते. पुढे 40 ते 50 पौंडांचा लीडर. उभ्या जिगिंगला 3 मीटर, फेकायला दीड मीटर. जिगिंगला फ्लुओरोकार्बन, कारण तो दगडावर घासून कमी झिजतो. पृष्ठभागावरच्या ल्यूरला नायलॉन, कारण तो मऊ असतो आणि पॉपरचं नाक खाली ओढत नाही. दोरा आणि लीडर जोडायला एफजी गाठ शिका. ती बारीक बसते, गाइडमधून (रॉडवरच्या दोरा ओवायच्या कड्यांमधून) अडखळल्याशिवाय जाते. पंखा बंद करून घरी बसून ती इतक्या वेळा बांधा की डोलत्या होडीतही हात आपोआप चालतील.

रीळ शिमानोच्या मापाने 5000-6000, दायवाच्या मापाने 4000-5000. दोन कंपन्यांचे आकडे जुळत नाहीत, म्हणून आकड्यापेक्षा पीई 2.5 चा 300 मीटर दोरा मावतो का ते विचारा. ड्रॅग दोऱ्याच्या खऱ्या ताकदीच्या पाव हिश्श्यावर लावा. 40 पौंडांचा दोरा म्हणजे सुमारे 18 किलो, त्याला साडेचार किलो ड्रॅग. हे अंदाजाने करायचं काम नाही. सामान तोलायचा छोटा लोंबता काटा मिळतो, तो दोऱ्याला बांधा, रॉड वाकलेला ठेवून ओढा आणि रिळाची चकती फिरायला लागते तेव्हाचा आकडा वाचा. थेट रिळावरून मोजलेला आकडा कमी येतो, कारण गाइडमधलं घर्षण त्यात नसतं.

रॉड दुकानात बघताना हाच काटा सोबत न्या. रीळ लावा, दोरा गाइडमधून ओवा, मित्राला काट्याने हळूहळू 4 किलोपर्यंत ओढायला सांगा. चांगला रॉड टोकापासून वाकत वाकत मध्यापर्यंत येतो आणि बुंध्याजवळ ताकद धरून थांबतो. एकाच जागी कोपरा पडल्यासारखा वाकला तर ठेवून द्या. गाइडच्या रिंगा कापसाच्या काडीने आतून फिरवून बघा. कापसाचा तंतू अडकला तर रिंगला चीर आहे, आणि ती चीर नव्या दोऱ्याची पहिल्याच दिवशी वाट लावते. फुजीच्या, तिरक्या बैठकीच्या गाइड असतील तर दोऱ्याचा गुंता टोकावर न अडकता पुढे निसटतो, फेकताना याचा मोठा आधार होतो. रिळाच्या बैठकीपासून बुंध्याच्या टोकापर्यंतचं अंतर स्वतःच्या काखेत धरून तपासा, लाइफ जॅकेट घालून. 40-45 सेंटिमीटर बहुतेकांना बसतं. त्याहून लांब बुंधा जॅकेटच्या पट्ट्यात अडकतो, आखूड असेल तर मनगट दुखतं. आणि रॉडवर छापलेलं जिगचं वजन हे उभं खेळवण्याचं असतं. फेकताना त्याच्या अर्ध्याच्या आसपास थांबा. 150 ग्रॅम छापलेल्या रॉडने 70-80 ग्रॅम फेका.

दगडावर गरवताना मालवणच्या बाजूला गेलात तर एक ध्यानात ठेवा: सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग मालवण सागरी अभयारण्यात येतो, ते 1987 मध्ये जाहीर झालं आहे. तिथे कुठे गरवता येतं आणि कुठे नाही ते वनखात्याकडे आधी विचारा. जून-जुलैत मासेमारी बंदी आणि खवळलेला दर्या, त्यामुळे होडी बाहेर काढायचा प्रश्नच नाही. पावसाळ्यानंतर पाणी निवळायला लागलं की, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून, ल्यूरला खरे दिवस येतात.

आता अंदमान. तिथलं पाणी, तिथला तळ आणि तिथला मासा सगळंच वेगळं. प्रवाळाच्या कडेला जायंट ट्रेव्हॅली लागला की पहिल्या काही सेकंदांतच तो दगडाकडे धाव घेतो, आणि त्याला तिथेच थांबवावं लागतं. त्यासाठी पीई 8 दोरा, 10 किलो किंवा जास्त ड्रॅग, 130 ते 170 पौंडांचा नायलॉन लीडर आणि 14000-18000 मापाचं रीळ लागतं. पॉपर 80 ते 150 ग्रॅमचे. तुमचा पीई 3 चा रॉड त्यापुढे टिकणार नाही, आणि तुटलेला दोरा व गळ तोंडात घेऊन मासा मरतो, हे जास्त वाईट. इथेही मी आखूडकडेच झुकेन: 7 फूट 4 इंच ते 7 फूट 8 इंच. 8 फूट 3 इंचांचा रॉड थोडं दूर फेकतो, पण दिवसभर फेकून आणि मोठ्या माशाशी झुंजून थकलेल्या नवख्या माणसाला तो जड पडतो. पहिल्याच सहलीसाठी हे सगळं विकत घेऊ नका. तिथले होडीवाले सहसा भाड्याने साहित्य देतात. ठरवतानाच रॉडचं पीई रेटिंग, रीळ आणि दोरा कधी बदललाय ते विचारा. दोऱ्याच्या वयाबद्दल आग्रहाने विचारा, कारण जीटी तुटतो तो बहुतेक जुन्या दोऱ्याने किंवा घाईत बांधलेल्या गाठीने. लीडर आणि गळ स्वतःचे न्या.

तिथे जीटी सोडून देण्याची रीत आहे, ती मनापासून पाळा. होडीत घ्यायचा तर ओल्या हातांनी, पोटाखाली आधार देऊन, फोटो एकदाच, आणि पाण्यात धरून शेपटी जोर करेपर्यंत थांबा. महाकाय गोब्रा, म्हणजे जायंट ग्रुपर, वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. तो लागला तर होडीत न घेता काठालगतच सोडायचा. खोल पाण्यातून वेगाने वर आणलेल्या गोब्र्याचं पोट हवेने फुगतं आणि तो खाली जाऊ शकत नाही, म्हणून जे मासे ठेवायचे नाहीत त्यांच्यासाठी 80-100 मीटरवर जिग टाकत बसू नका.

तुमचा साडेसहा फुटी रॉड मात्र अंदमानला जरूर न्या. दोन पॉपिंगच्या मधे हात मोकळे करायला 60-80 ग्रॅमच्या जिगने 30-40 मीटरच्या कडांवर तो उत्तम चालेल. विमानाने नेताना रॉडची ट्यूब किती लांबीपर्यंत घेतात आणि वेगळे पैसे लागतात का, हे तिकीट काढण्याआधी विमान कंपनीला विचारून घ्या. मधोमध दोन भाग होणारा रॉड घेतलात तर ट्यूब साधारण साडेतीन फुटांत बसते. बुंधा तेवढाच निघणारा असेल तर वरचा तुकडा पाच फुटांच्या आसपास राहतो, आणि कोकण रेल्वेच्या डब्यातही तो सीटखाली आडवा जात नाही.